शर्यत नाही, शिक्षाही नाही
(आपल्या १९८७ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'पन्नाशीनंतर धावणं'. विषय जाहीर झाल्यावर मागच्या रांगेत जो हशा पिकला तो मला इथपर्यंत ऐकू आला. साहजिक आहे. आपल्या बॅचमध्ये धावण्यावर बोलायला माणसं कमी नाहीत. जिल्हा पातळीवर खो-खो खेळलेल्या तिघी समोर बसल्या आहेत. शंभर मीटरला दरवर्षी पहिला येणारा आपला मित्र आज पुण्याहून खास आला आहे. मी त्यांच्यातली नव्हे. क्रीडादिनाला मी मांडवात टेबलापाशी बसून प्रमाणपत्रांवर नावं लिहायचे, कारण माझं अक्षर बरं होतं. पाचवी ते दहावी, सलग सहा वर्षं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी माळ्यावरच्या पेटीत माझं अक्षर असेल.

तरीही मलाच बोलायला सांगितलं. संयोजकांचं म्हणणं असं की, ज्याला धावता येतं त्याचं ऐकून कुणी धावायला लागत नाही. मला ते पटलं, म्हणून उभी आहे.

आपल्या शाळेत धावण्याचे दोनच प्रकार होते. एक शर्यत आणि दुसरा शिक्षा. शर्यत म्हणजे चुन्याची रेघ, शिट्टी आणि पहिले तीन. चौथ्यापासून पुढच्यांनी आपापल्या रांगेत जाऊन बसायचं. शिक्षा म्हणजे उशीर झाला, मारा मैदानाला पाच फेऱ्या. गणवेशाचा पट्टा नाही, मारा पाच फेऱ्या. (सर, तुम्ही पहिल्याच रांगेत आहात. ही तक्रार नाही. सत्तर मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास, एक शिट्टी आणि दोन चेंडू, त्यातला एक पंक्चर. तेवढ्यावर तुम्ही या तिघींना जिल्ह्यापर्यंत नेलंत.) पण दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी होती. जीव खाऊन पळायचं आणि छाती फुटायची वेळ आली की थांबायचं. कुणी नुसतंच, आपल्या चालीनं, हळूहळू धावत चाललंय, असं दृश्य मी तरी शाळेच्या वयात पाहिलं नाही. रस्त्यावर एखादी बाई पळताना दिसली तर एसटी चुकत असेल, नाहीतर घरी काहीतरी झालं असेल, असंच वाटायचं.

१९८४ चा ऑगस्ट आठवतोय का? आपण आठवीत होतो. लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. शाळेत कितीतरी दिवस तोच विषय होता. 'शंभरावा भाग म्हणजे केवढा' हे दाखवायला मुलं चुटक्या वाजवायची. त्याच ऑलिंपिकमध्ये, तीनच दिवस आधी, म्हणजे ५ ऑगस्टला, आणखी एक गोष्ट घडली होती. ती मला कळली पन्नाशी उलटल्यावर. त्या दिवशी ऑलिंपिकच्या इतिहासात पहिल्यांदा बायकांची मॅरेथॉन झाली. पुरुषांची मॅरेथॉन १८९६ पासून होती. बायकांना मात्र तोपर्यंत १५०० मीटरच्या पुढे धावू दिलेलं नव्हतं. १९२८ साली ॲमस्टरडॅमला बायकांची आठशे मीटरची शर्यत झाली, तेव्हा त्या दमून कोसळल्या अशा तिखटमीठ लावलेल्या बातम्या छापून आल्या. मग ती शर्यत जी बंद झाली ती थेट १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये परत आली. शर्यत संपल्यावर पुरुषही दमून आडवे होतात, पण त्यांच्या शर्यती कुणी बंद केल्या नाहीत! १९८४ ची ती पहिली मॅरेथॉन जिंकली अमेरिकेच्या जोन बेनॉइटनं, २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत. त्याच वर्षी, निवड चाचणीच्या अवघ्या सतरा दिवस आधी, तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती.

हे सांगायचं कारण एवढंच, की 'हे आपलं काम नाही' असं जे मला आतून वाटायचं ते काही मी एकटीनं तयार केलेलं नव्हतं. आपण आठवीत येईपर्यंत जगातली मोठी मोठी माणसंसुद्धा तेच म्हणत होती.

आता माझ्याकडे येते. माझ्या आईला तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलं आहे. तिची शेंगदाण्याची चटणी डब्यात आहे हे कळलं की मधल्या सुट्टीत माझ्याभोवती गर्दी व्हायची. तिला बावीस वर्षं मधुमेह होता. शेवटची तीन वर्षं डायलिसिस, आठवड्यातून दोनदा. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. २०२१ साली ती गेली. डॉक्टर तिला पहिल्यापासून सांगत होते, रोज चाला. ती म्हणायची, 'सगळ्यांचं आवरलं की जाते.' सगळ्यांचं कधी आवरत नाही, हे इथल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

पुढच्याच वर्षी माझं एचबीए१सी आलं ६.३. हा आकडा मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगतो. ५.७ पासून ६.४ पर्यंत मधुमेहपूर्व अवस्था, आणि ६.५ झालं की मधुमेह. म्हणजे मी फाटकात उभी होते. वजन ७४ किलो, बँकेत एकोणतीस वर्षं खुर्चीत बसून काम. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, मी चालले. सहा महिने, न चुकता, चार भिंतीच्या रस्त्यानं. आकडा ६.३ वरून ६.२ झाला. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे, पण आता थोडा दम लागेल असं काहीतरी करा.

आपल्या साताऱ्यात २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते, तुम्ही बाहेरगावी असलात तरी ऐकून असाल. यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यानं पुढे जायचं आणि त्याच वाटेनं परत. एकवीस किलोमीटर. सप्टेंबरमधल्या त्या रविवारी अर्धं गाव रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवत उभं असतं. मीही दरवर्षी असायचे. धावणाऱ्यांत माझ्या वयाच्या बायका होत्या, माझ्याहून जाड होत्या, आणि त्यातल्या काही घाट उतरताना चक्क एकमेकींशी गप्पा मारत होत्या. मला आश्चर्य त्यांच्या वेगाचं वाटलं नाही, गप्पांचं वाटलं. धावताना बोलता कसं येतं? आपल्याला तर पाचव्या फेरीला 'आई गं'सुद्धा म्हणता यायचं नाही.

उत्तर अगदी साधं निघालं. त्या हळू धावत होत्या. दम लागतो तो धावण्यानं नव्हे, वेगानं. पावलं धावण्याचीच टाकायची, पण वेग इतका कमी ठेवायचा की एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येईना, तर वेग आणखी कमी करायचा. मी एकटी धावते, वाक्य बोलायला कुणी नसतं, म्हणून मी पाढे म्हणते. तेराचा पाढा न अडखळता म्हणता आला तर वेग बरोबर. गणिताच्या बाई, तुम्ही छड्या मारून पाठ करून घेतलेला एकोणतीसचा पाढा इतक्या वर्षांनी माझ्या उपयोगी पडला, तो फक्त चढावर.

जानेवारी २०२३ मध्ये सुरुवात केली. कुठे? आपल्याच शाळेच्या मैदानावर. पहाटे पावणेसहाला तिथे अंधार असतो आणि ओळखीचं कुणी नसतं. खरं सांगायचं तर अंधारासाठीच मी ते ठिकाण निवडलं. वयाची भीती कमी होती, लोकांची जास्त. शिपाईमामांनी फाटक उघडून दिलं. मी दोन फेऱ्या मारून दम खात चिंचेखाली उभी राहिले तेव्हा ते लांबूनच म्हणाले, 'ताई, आज कुणी शिक्षा केली?'

माझ्याकडे एक तक्ता होता. जॉश क्लार्क नावाच्या एका अमेरिकन तरुणानं १९९६ साली तयार केलेला. त्यानं तो आपल्या पन्नाशीतल्या आईसारख्या, कधीच न धावलेल्या माणसांसाठी केला होता. आईसाठी कुणीतरी तक्ता केला, हे वाचूनच मला तो आपला वाटला. त्यात आठवड्यातून तीनच दिवस, अर्धा अर्धा तास. पहिल्या आठवड्यात साठ सेकंद धावायचं, नव्वद सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. मग धावण्याचा तुकडा वाढत जातो, चालण्याचा कमी होत जातो, आणि नवव्या आठवड्यात माणूस सलग अर्धा तास धावतो.

साठ सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. कुकरची एक शिट्टी व्हायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. पहिल्या दिवशी मी घड्याळाकडे पाहिलं तेव्हा बावीस सेकंद झाले होते, आणि घड्याळ बंद पडलंय अशी माझी खात्री झाली. साठ पूर्ण केले. नव्वद चालले. परत साठ. असं आठ वेळा. घरी आल्यावर जिना चढताना पोटऱ्या थरथरत होत्या. मिस्टरांनी विचारलं, 'जमलं का?' मी म्हटलं, 'आठ मिनिटं.' ते म्हणाले, 'सलग?' मी चहा ठेवायला आत गेले.

नऊ आठवड्यांचा तो तक्ता मला एकोणीस आठवड्यांत पूर्ण झाला. काही आठवडे तीन-तीनदा केले. आठव्या आठवड्यात नडगीचं हाड दुखायला लागलं, तेव्हा पंधरा दिवस नुसती चालले. नंतर कळलं की हे बहुतेकांचं होतं. फुप्फुसं आणि हृदय काही आठवड्यांतच सरावतात, पण हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या सरावायला कित्येक महिने लागतात. दम टिकतो म्हणून माणूस पुढे जातो आणि पाय मागे राहतात. म्हणून मधले विश्रांतीचे दिवस हा तक्त्याचा भाग आहे, आळस नव्हे. आपल्या वयाच्या मैत्रिणींना आणखी एक सांगते. पाळी गेल्यावर हाडं झपाट्यानं विरळ होतात, आणि त्यांना टिकवायला ज्यात पायावर भार येतो असा व्यायाम लागतो. चालणं, जिने, धावणं, वजन उचलणं. पोहणं कितीही छान असलं तरी हाडांसाठी त्याचा तेवढा उपयोग होत नाही.

कपड्यांचा विषय स्मरणिकेत छापतील की नाही माहीत नाही, पण बोलते. पहिले दोन महिने मी पंजाबी ड्रेसवर धावले, ओढणीला कमरेशी गाठ मारून. त्यानं काही अडलं नाही. अडलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. धावणाऱ्या बाईला बुटांइतकीच, कदाचित जास्तच, चांगल्या स्पोर्ट्स ब्राची गरज असते. ही वस्तू बाजारात आली कधी, तर १९७७ च्या सुमारास. अमेरिकेतल्या तीन मैत्रिणींनी पुरुष खेळाडूंचे लंगोटवजा पट्टे दोन घेतले, एकमेकांना शिवले आणि पहिला नमुना बनवला. त्याआधी बायकांना खेळात गती नाही असं म्हणणाऱ्यांनी हा विचार कधी केला असेल असं मला वाटत नाही. माझ्या सुनेनं मला मापाची आणून दिली, तीही न मागता. त्या मुलीचे उपकार आहेत.

तर मे महिन्याच्या शेवटी, एका शुक्रवारी, मी शाळेच्या मैदानाला सलग वीस फेऱ्या मारल्या. एक फेरी अडीचशे मीटरची, म्हणजे पाच किलोमीटर. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. शिपाईमामा नळावर बादल्या भरत होते.

आता तुम्ही विचाराल, मग शंका गेली का? नाही गेली. आजही, जवळजवळ दोन वर्षांनी, बूट घालताना वाटतं की आज जमणार नाही. पहिली दहा मिनिटं रोज वाईट जातात. पाय जड, श्वास वरवरचा, मनात एकच विचार, परत फिरावं. त्याचंही कारण आहे. स्नायू काम एकदम सुरू करतात, पण हृदयाला आणि श्वासाला त्यांच्या मागणीइतका प्राणवायू पुरवायला थोडा वेळ लागतो. बँक उघडल्या उघडल्या रांग लागावी आणि तिजोरी अजून उघडायची असावी, तसं. तिजोरी उघडली की रांग सरकते. म्हणून माझा एकच नियम आहे, पहिल्या दहा मिनिटांत कोणताही निर्णय घ्यायचा नाही. शंका बरोबर असते का? असू दे. तिलाही घेऊन धावते. दोन वर्षांत दोनदाच असं झालं की दहा मिनिटांनंतरही बरं वाटलं नाही. दोन्ही वेळा घरी आले, आणि एकदा संध्याकाळी तापच भरला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात गावातल्या एका पाच किलोमीटरच्या दौडीत नाव दिलं. ४७ मिनिटं लागली. शेवटून पहिली आले. शेवटच्या धावकाच्या मागे ॲम्ब्युलन्स चालते हे मला माहीत नव्हतं. अडीच किलोमीटर ती गाडी माझ्या मागे पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत होती. शेवटी ड्रायव्हरनं काच खाली केली आणि विचारलं, 'काकू, बसता का?' मी म्हटलं, 'नको रे बाबा, तू हो पुढे.' तो म्हणाला, 'मला पुढे जायची परवानगी नाही.' पाण्याच्या टेबलावरची पोरं खोकी आवरत होती, माझ्यासाठी त्यांनी एक परत उघडलं. माझ्या छातीवर नंबर होता, गळ्यात पदक आलं, आणि प्रमाणपत्रावर नाव लिहिलं होतं. अक्षर फारसं बरं नव्हतं.

घरी येऊन हिशेब केला. बँकेतली सवय. माझा एक किलोमीटर पडला ९ मिनिटं २४ सेकंदांना. आपल्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय बाई, बत्तीस वर्षांनी. तिची वेळ होती ९ मिनिटं २२ सेकंद आणि काही शतांश. म्हणजे मी जेवढ्या वेळात सपाट रस्त्यावर एक किलोमीटर जाते, तेवढ्यात ती तीन किलोमीटर जाते, वाटेत अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. हे गणित मी मिस्टरांना सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मला वाईट वाटलंय. मला उलट फार मजा वाटली. तिला आणि मला एकाच क्रियापदानं मोजतात, 'धावते'.

माझा आकडा आता ५.९ आहे. अजून फाटकातच आहे, पण दोन पावलं मागे. पायांचे मोठे स्नायू काम करत असले की ते इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. औषधाची जागा ते घेईल असं मात्र कुणी समजू नये. ज्यांना रक्तदाब आहे, छातीत दुखतं, घरात हृदयविकार आहे किंवा साखरेची औषधं चालू आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. मीही ईसीजी काढूनच सुरुवात केली होती. गुडघ्यांचं प्रत्येक जण विचारतो. हौशी, बेताचं धावणाऱ्यांचे गुडघे बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त झिजतात असं आढळलेलं नाही, पण ज्यांचे आधीच दुखतात त्यांनी चालावं. चालण्यात कमीपणा काय? आणि कंदी पेढे मी सोडलेले नाहीत. अर्धा खाते. उरलेला अर्धा मिस्टर खातात आणि त्यांचा आकडा त्यांनी मला सांगितलेला नाही.

मागून चिठ्ठी आली आहे की वेळ संपली. यवतेश्वरबद्दल विचारू नका, अजून ठरलेलं नाही. उद्या सकाळी मात्र सगळे इथे मुक्कामाला आहातच. शिपाईमामांना सांगून ठेवलं आहे, फाटक पावणेसहाला उघडेल. साठ सेकंद धावायचं, नव्वद चालायचं, आठ वेळा. साडी, पंजाबी ड्रेस, काहीही चालेल, चप्पल नको. थंडी आहे, कानाला काहीतरी बांधा. सर, तुम्ही खुर्ची टाकून चिंचेखाली बसा, शिट्टी माझ्याकडे आहे ती तुम्हाला देते. जे उठणार नाहीत त्यांच्यासाठी नाश्ता आठलाच आहे.